बीपी, टेन्शन आणि मज्जातंतूंचे रासायनिक दूत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीपी मोजून झालं की टेबलापलीकडून जे प्रश्न येतात, आणि नंतर मोबाइलवर जे येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हे वाचून स्वतःच्या गोळ्यांचा डोस मात्र बदलू नका.

१. रासायनिक दूत म्हणजे काय, आणि त्यांचा बीपीशी संबंध काय?

मज्जातंतू हृदयाला किंवा रक्तवाहिनीला थेट चिकटलेला नसतो. टोकाशी अगदी बारीक फट असते. तंतूतून आलेला विजेचा संदेश त्या फटीपाशी थांबतो आणि तिथून पुढे एक रसायन तो पोचवतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात १९२१ साली ऑटो लोवी यांनी हे दाखवलं. त्यांनी बेडकाच्या एका हृदयाच्या व्हेगस मज्जातंतूला (हा मेंदूतून हृदयाकडे येतो) चेतना दिली, ते मंदावलं. त्याभोवतीचं द्रव घेऊन दुसऱ्या हृदयात घातलं, तर तेही मंदावलं. दुसऱ्याच्या मज्जातंतूला कुणी हातही लावला नव्हता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. १९३६चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल यांना विभागून मिळालं.

बीपी दोन गोष्टींवर ठरतं: हृदय किती रक्त बाहेर ढकलतं आणि बारीक धमन्या किती आवळलेल्या आहेत. नॉरॲड्रिनलिन धमन्या आवळतं आणि हृदयाला पळवतं. ॲसिटिलकोलिन हृदयाला आवरतं. दिवसभर या दोघांची ओढाताण चालू असते, म्हणूनच बीपीचा आकडा तासातासाला बदलतो. आकडा बदलला म्हणजे मशीन बिघडलं असं नाही.

२. ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन यांत फरक काय?

नॉरॲड्रिनलिन मुख्यतः मज्जातंतूंच्या टोकांतून, जागच्या जागी सुटतं. उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६मध्ये ते ओळखलं. ॲड्रिनलिन मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून रक्तात सुटतं आणि सगळीकडे फिरतं. त्या गाभ्यातून निघणाऱ्या मालात साधारण ८० टक्के ॲड्रिनलिन आणि २० टक्के नॉरॲड्रिनलिन असतं.

बीपीवर दोघांचा ठसा वेगळा. नॉरॲड्रिनलिनने वरचा आणि खालचा दोन्ही आकडे चढतात. थोड्या ॲड्रिनलिनने वरचा चढतो, पण खालचा कधी कधी उतरतोसुद्धा, कारण स्नायूंकडे जाणाऱ्या धमन्या मोकळ्या होतात. औषधाच्या कुपीवर एपिनेफ्रिन लिहिलेलं असेल तर ते ॲड्रिनलिनच.

३. एकच रसायन एके ठिकाणी रक्तवाहिनी आवळतं आणि दुसरीकडे सैल करतं, हे कसं?

एसटी स्टँडवर घोषणा एकच होते, पण ज्याचं तिकीट ज्या गाडीचं, तो त्याप्रमाणे हलतो. इथे तिकिटाच्या जागी पेशींवरचे ग्राहक असतात, म्हणजे रिसेप्टर. रेमंड अल्क्विस्ट यांनी १९४८मध्ये त्यांचे दोन गट मांडले, अल्फा आणि बीटा. त्वचेतल्या आणि आतड्यांतल्या धमन्यांवर अल्फा जास्त, म्हणून घाबरल्यावर चेहरा पांढरा पडतो आणि हात गार होतात. हृदयावर बीटा-१, म्हणून धडधड. पायांच्या स्नायूंतल्या धमन्यांवर आणि श्वासनलिकांवर बीटा-२, म्हणून तिथे मोकळीक.

बीपीच्या निम्म्या गोष्टी या एका उत्तरावर उभ्या आहेत. जेम्स ब्लॅक यांनी बीटा ग्राहक अडवणारं प्रोप्रॅनोलॉल १९६०च्या दशकात आणलं. मधमाशी चावून किंवा इंजेक्शनची ॲलर्जी येऊन बीपी कोसळतं आणि श्वास अडतो, तेव्हा मांडीत ॲड्रिनलिन टोचतात ते याचसाठी: अल्फामुळे सैल पडलेल्या धमन्या आवळतात, बीटामुळे हृदय सावरतं आणि श्वासनलिका उघडतात. तीन कामं, औषध एक.

४. घाबरलं की क्षणात छाती धडधडते, पण शांत व्हायला इतका वेळ का लागतो?

कारण यात वेगवेगळ्या गतीच्या फळ्या आहेत. सगळ्यात आधी व्हेगसचा लगाम सुटतो, एक-दोन ठोक्यांतच. मग काही सेकंदांत नॉरॲड्रिनलिन, पाठोपाठ ॲड्रिनलिन. लढा किंवा पळा या तयारीचं हे वर्णन वॉल्टर कॅनन यांनी १९१५च्या सुमारास केलं. रक्तातलं ॲड्रिनलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. पण तोवर मेंदूच्या हुकमावरून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक निघालेलं असतं आणि ते शिखराला पोचायला वीस-तीस मिनिटं घेतं. कॉर्टिसॉल धमन्यांना नॉरॲड्रिनलिनबद्दल अधिक हळवं करतं.

आणखी एक अडचण आहे, ती माणसाचीच. कुत्रं निघून गेलं तरी आपण ते आठवत बसतो. भांडण संपल्यावर मनात दुसऱ्यांदा भांडलं, तर दूतही दुसऱ्यांदा निघतात.

५. टेन्शनने बीपी वाढतं की नाही? एकदाच काय ते सांगा.

तेवढ्यापुरतं वाढतं, नक्की. भांडणात, मॅचच्या शेवटच्या ओव्हरला, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीवर वरचा आकडा ३० ते ४०ने उडी मारू शकतो आणि परत खालीही येतो. तो बीपीचा आजार नव्हे.

कायमचं वाढतं का, हे उत्तर इतकं सरळ नाही. मूत्रपिंडांवरही बीटा-१ ग्राहक आहेत. सिम्पथेटिक मज्जातंतू, म्हणजे नॉरॲड्रिनलिन सोडणारे, सतत चेतलेले राहिले, तर मूत्रपिंडांतून रेनिन हे एन्झाइम सुटतं, त्यामुळे धमन्या आवळणारं अँजिओटेन्सिन बनतं, मूत्रपिंड मीठ धरून ठेवतात. धमन्यांच्या भिंती जाड होत जातात. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या फाट्यावर आणि महाधमनीच्या कमानीत दाब मोजणारे सेन्सर असतात. दाब बराच काळ चढा राहिला की तेही तोच आकडा सामान्य मानायला लागतात. म्हणजे सुरुवात मज्जातंतूंनी केली असेल, पण पुढे कारभार मूत्रपिंडं आणि धमन्या ताब्यात घेतात. त्यानंतर टेन्शन गेलं तरी बीपी राहतं.

मीठ, वजन, दारू, अपुरी झोप, वय आणि घराण्यातला बीपी ही कारणं बाजूला ठेवून सगळा दोष टेन्शनला देणं आपल्याला फार आवडतं. त्यात सोय असते: दोष साहेबाचा, सुनेचा किंवा मुलाच्या ॲडमिशनचा. मुलीचं लग्न पार पडलं म्हणून गोळी परस्पर बंद केलेले पेशंट पुढे पक्षाघात घेऊन आलेले मी पाहिले आहेत. गोळी कमी होऊ शकते का, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

६. दवाखान्यात १६०, घरी १३०. खरं कुठलं?

दोन्ही खरी आहेत, पण निर्णयाला घरचं जास्त उपयोगी. पांढरा कोट पाहून नॉरॲड्रिनलिन सुटतं, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन असं नावच आहे. दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरली, तर घरी ती १३५/८५ धरतात.

घरी मोजण्यापूर्वी लघवी करून या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना नको. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. मोजताना गप्प राहा. मिनिटभराने पुन्हा मोजा. असं सात दिवस सकाळ-संध्याकाळ करून पहिला दिवस सोडा आणि बाकीच्यांची सरासरी काढा.

उलटाही प्रकार असतो. दवाखान्यात १२८ आणि घरी किंवा कामावर १५०. हा जास्त धोक्याचा, कारण तो पकडला जात नाही. रात्रपाळीचे कामगार आणि जोरात घोरणारे यांच्यात याची शंका घ्यावी. घोरताना श्वास अडला की ऑक्सिजन उतरतो आणि झोपेतच नॉरॲड्रिनलिनचे फवारे उडतात.

७. बाबांचं बीपी बसून १५०, पण उठले की चक्कर येते. गोळी जास्त होतेय का?

असू शकतं, पण नेम धरून शोधावं लागतं. उभं राहिलं की साधारण अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. प्रश्न ५ मधल्या सेन्सरना ते लगेच कळतं आणि नॉरॲड्रिनलिन सोडून धमन्या आवळल्या जातात. ही कडी कुठेही तुटली की चक्कर येते. जुन्या मधुमेहात मज्जातंतूच खराब झालेले असतात. पार्किन्सन्समध्येही असं होतं. आणि ज्याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही ते म्हणजे प्रोस्टेटची गोळी: टॅमसुलोसिन हे अल्फा ग्राहकच अडवतं. रात्री लघवीला उठून मोरीपाशी पडणारे आजोबा बऱ्याचदा यातलेच.

पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १०ने उतरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे या. तोवर एकदम उठू देऊ नका, आधी पलंगाच्या कडेला बसवा.

८. रक्त पाहिलं की मी पडतो. पोलीस भरतीत सगळे हसले. हा भित्रेपणा आहे का?

नाही. अशा वेळी आधी सिम्पथेटिक बाजू चेतते आणि मग एकाएकी सगळं उलटतं: व्हेगसमधून ॲसिटिलकोलिन सुटून हृदय मंदावतं आणि धमन्यांना जाणारे नॉरॲड्रिनलिनचे संदेश थांबतात. बीपी कोसळतं, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस पडतो. आडवा झाला की रक्त मेंदूला पोचतं आणि तो शुद्धीवर येतो. धिप्पाड माणसंही पडतात.

पडणाऱ्याला धरून उभं करणं ही सगळ्यात मोठी चूक. आडवंच ठेवा, पाय उचला. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतू नका. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका, तो न हुंगताही शुद्धीवर येणारच असतो. डोळ्यांपुढे अंधारी येतेय असं वाटलं की पाय एकमेकांत अडकवून मांड्या आणि पोट घट्ट आवळा, त्याने दाब टिकतो. धावताना कुणी पडला, छातीत दुखून पडला किंवा घरात तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असेल, तर ईसीजी काढल्याशिवाय राहू नका.

९. विंचू चावल्यावर बीपीची गोळी का देतात? आमच्या गावात सगळ्यांना हेच कोडं आहे.

कोकणातून हा प्रश्न हमखास येतो, आणि वरच्या सगळ्या उत्तरांची कसोटी याच्यात आहे.

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो बहुधा लहान लाल विंचू. त्याचं विष मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. तंतू थांबायचं विसरतात आणि टोकांतून दूतांचा लोंढा सुटतो. सुरुवातीला ॲसिटिलकोलिनचा जोर दिसतो: उलटी, दरदरून घाम, लाळ, लहान मुलग्यांत लिंग ताठरणं. मग ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचं वादळ येतं. हातपाय बर्फासारखे गार, नाडी जोरात, बीपी खूप वर. इतक्या आवळलेल्या धमन्यांविरुद्ध पंप करताना हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. मुलं यातच दगावत.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी हे पेशंटच्या उशाशी बसून टिपलं. जे बिघडतंय ते अल्फा ग्राहकांवर, मग अल्फाच अडवावं, या विचाराने त्यांनी प्रॅझोसिन ही बीपीची गोळी वापरली. त्यांची निरीक्षणं १९८०च्या दशकात ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ज्या दंशांत पूर्वी साधारण चारात एक पेशंट हातचा जाई, तिथे मृत्यू फार विरळ झाले. पुढे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी दाखवलं की प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविष लस दिली तर पेशंट लवकर बरे होतात. २०२२मध्ये डॉ. हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

धडधड आहे म्हणून बीटा ब्लॉकर, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलसारखं बीटा ग्राहक अडवणारं औषध दिलं तर? ते घातक. थकत चाललेल्या हृदयाचा उरलासुरला जोर जातो आणि आवळलेल्या धमन्या तशाच राहतात. हाच सापळा प्रश्न १५ मध्ये पुन्हा भेटेल. प्रॅझोसिन दिल्यावर मुलाला उचलून उभं करू नये, आडवंच ठेवावं. कारण प्रश्न ७ मध्ये आहे. आणि मांत्रिकाकडे पहिला तास घालवू नका.

१०. सर्पगंधा घेतली तर बीपीच्या गोळ्या सुटतील का?

सर्पगंधेत दम आहे, हे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष वेधलं. तीन वर्षांनी तिच्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. मज्जातंतूच्या टोकाशी नॉरॲड्रिनलिन ज्या पिशव्यांत साठवतात, त्या पिशव्या भरू न देणं हे त्याचं काम. कोठारच रिकामं, त्यामुळे धमन्या आवळणार कशाने?

पण पिशव्या मेंदूतही आहेत. तिथलं डोपामिन आणि सेरोटोनिनही आटतं. काही पेशंट उदास झाले, काहींना पार्किन्सन्ससारखा कंप आला. म्हणून रेसरपिन मागे पडलं. चालू गोळ्यांच्या जोडीला मुळाची पूड घ्याल, तर किती रेसरपिन पोटात गेलं हे तुम्हालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही. आधीच औदासीन्य असेल तर तिच्या वाटेला जाऊच नका.

११. सासूबाई फक्त मिश्री लावतात, सिगारेट नाही. आणि चहाचं काय?

मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, सिगारेट: निकोटिन तेच. ते ॲसिटिलकोलिनच्या एका जातीच्या ग्राहकांवर बसतं, ॲड्रिनल ग्रंथीलाही चेतवतं आणि ॲड्रिनलिन सोडायला लावतं. हिरडीतून ते हळू शिरतं आणि जास्त वेळ रेंगाळतं. मिश्री लावून दहा मिनिटांत मोजलेलं बीपी फेकून द्या.

चहा-कॉफी त्यामानाने सौम्य. रोज पिणाऱ्याला सवय झालेली असते. दोन-तीन कप चालतात, फक्त मोजण्याआधी नको.

१२. सर्दीच्या गोळीने बीपी वाढतं हे खरं का?

फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्यांनी वाढू शकतं. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या आवळाव्यात म्हणून त्या घेतो, पण अल्फा ग्राहक फक्त नाकात नसतात. बीपी ताब्यात नसेल तर वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब बरे. नाक मोकळं करणारे औषधी थेंब चार-पाच दिवसांपलीकडे नकोत. नैराश्याची काही जुनी औषधं किंवा लिनेझोलिड हे अँटिबायोटिक चालू असेल तर केमिस्टकडून परस्पर सर्दीची गोळी घेऊच नका. ती औषधं नॉरॲड्रिनलिन मोडणाऱ्या एन्झाइमला अडवतात, आणि दोन्ही जोर एकत्र आले की बीपी भडकतं.

१३. प्राणायामाने बीपी उतरतं का?

मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास घेतले की व्हेगसचा जोर वाढतो आणि प्रश्न ५ मधले सेन्सर अधिक तत्पर होतात. नियमित केलं तर काही आकड्यांचा फायदा दिसतो. तेवढा खरा, त्याहून जास्त नाही. कपालभाती आणि भस्त्रिकेसारखे वेगाचे प्रकार वेगळे, करताना ते सिम्पथेटिक बाजूच चेतवतात. बीपी १७०च्या वर असताना ते नकोत. बाकी, रोजची अर्धा तास झपाझप चाल कुणी विचारत नाही, कारण तिचं शिबिर नसतं.

१४. फवारणीनंतर भावाला लाळ, घाम आणि अंधुक दिसणं सुरू झालं. बीपीचा त्रास होता का?

नाही, तो ॲसिटिलकोलिनचा पूर होता. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं ते रसायन मोडणाऱ्या एन्झाइमला बंद पाडतात. बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, छातीत कफ दाटतो, नाडी मंदावते. मात्र नाडी जलद आणि बीपी चढं असलं म्हणून विषबाधा नाही असं समजू नका: ॲसिटिलकोलिन ॲड्रिनल ग्रंथीलाही चेतवतं, त्यामुळे सुरुवातीला चित्र उलटं दिसू शकतं. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठा. तिथे यावरचा उतारा, ॲट्रोपिन, मिळतं. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेले मृत्यू आपण पाहिले आहेत.

१५. मधूनच डोकं ठणकतं, घाम फुटतो, धडधड होते, बीपी २००च्या पुढे. पॅनिक अटॅक की दुसरं काही?

बहुतेकांच्या बाबतीत घबराटच असते. पण तिन्ही लक्षणं एकत्र, झटक्याझटक्याने, कारण नसताना आणि चेहरा पांढरा पडून येत असतील, तर ॲड्रिनल ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीचा विचार करावा. गाठ विरळ आहे, पण सापडली तर शस्त्रक्रियेने बहुधा बरी होते. रक्तातलं ॲड्रिनलिन मोजून उपयोग नाही. ते सुई पाहूनही वाढतं. २४ तासांच्या लघवीतली किंवा रक्तातली मेटानेफ्रिन्स, म्हणजे या दूतांपासून बनणारी उरलीसुरली रसायनं, मोजतात.

इथे आधी बीटा ब्लॉकर द्यायचा नाही. बीटा-२ची मोकळीक बंद झाली की अल्फाला मोकळं रान मिळतं आणि बीपी आणखी चढतं. आधी अल्फा अडवायचा, मग गरज असेल तर बीटा. याच कारणाने भाषणापूर्वी किंवा तोंडी परीक्षेपूर्वी मित्राच्या खिशातली प्रोप्रॅनोलॉल घेऊ नका. दमा असेल तर ती श्वासनलिका आवळते आणि इन्शुलिनवर असाल तर साखर उतरल्याची धडधड झाकते.

१६. नोकरी सुटली, वजन बारा किलोने उतरलं, आता बीपी ११८. गोळी बंद करू का?

तुम्ही परस्पर नाही, पण विचारणं योग्य आहे. ११८ हा आकडा गोळीसकट आहे. वजन आणि मीठ उतरल्यावर काहींची गोळी खरंच कमी होते, क्वचित सुटतेही. बीटा ब्लॉकर मात्र अचानक थांबवू नका: इतके दिवस अडवलेले ग्राहक संख्येने वाढलेले असतात आणि नेहमीचंच ॲड्रिनलिन त्यांच्यावर दुप्पट जोराने आदळतं. क्लोनिडीन ही बीपीची गोळी तर एखाद-दोन दिवस चुकली तरी बीपी उसळतं. प्रश्न ६ प्रमाणे सात दिवसांचे आकडे लिहा, गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. डोस टप्प्याटप्प्याने कमी करू आणि प्रत्येक टप्प्यानंतर दोन ते चार आठवडे घरी मोजू.